चार प्रश्न बंद पडू देऊ नका

खोकला आहे का? ताप येतो का? वजन कमी झालंय का? रात्री झोपेत घाम येतो का?

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशन केंद्रात मी बारा वर्षं काम केलं. एवढ्या काळात हे चार प्रश्न किती हजार वेळा विचारले असतील, त्याची मोजदाद नाही. एचआयव्हीच्या गोळ्या देणारं आमचं लिंक एआरटी केंद्रही त्याच खोलीत होतं. एचआयव्हीच्या गोळ्या न्यायला आलेल्या प्रत्येकाला, प्रत्येक खेपेला, हे चार प्रश्न विचारायचेच असा नियम आहे. ‘मागच्या वेळी विचारलं होतं की मॅडम’ असं कुणी म्हणालं तरी पुन्हा विचारायचे. एकाही प्रश्नाला ‘हो’ आलं, की बेडक्याची डबी हातात द्यायची आणि टीबीच्या तपासणीला पाठवायचं. उलट बाजूनेही तसंच. टीबी निघालेला प्रत्येक माणूस एचआयव्हीच्या तपासणीसाठी माझ्या खोलीत यायचा. मग आम्ही दार लोटून घ्यायचो आणि बोलायला बसायचो. खिडक्या मात्र सताड उघड्या असायच्या. माझी खुर्ची वाऱ्याच्या बाजूला आणि पेशंटची दाराच्या बाजूला, म्हणजे वारा माझ्याकडून त्याच्याकडे जाईल आणि खोकल्याबरोबर उडालेले जंतू खोलीत साचणार नाहीत.

आज हे लिहायला बसले ते या चार प्रश्नांसाठी आणि ते विचारणाऱ्या माणसांसाठी. मी पाहिलेल्या खोल्यांपैकी काहींना आता आठवड्यातले चार दिवस कुलूप असतं.

एका बाईची गोष्ट सांगते. दिवाळीनंतरचे दिवस, ऊसतोडीच्या टोळ्या निघायची गडबड. तीस-बत्तीस वर्षांची, नवरा दोन वर्षांपूर्वी वारलेला, भावाबरोबर कोयता धरून निघाली होती. गोळ्या अगदी नियमित घ्यायची. कार्ड, जुने रिपोर्ट सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत नीट बांधलेलं. त्याच दिवशी ट्रॅक्टर सुटणार होता, त्यामुळे तिला घाई होती. तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या म्हणाली. मी नेहमीप्रमाणे विचारायला लागले. खोकला नाही. ताप नाही. वजन? ‘कामाचं अंग हाय मॅडम, कमी-जास्त व्हतंच.’ आणि घाम? ती जरा थांबली. ‘रातच्याला चोळी भिजती. गोळ्यांनीच व्हत आसंल.’

काट्यावर उभी केली. मागच्या खेपेपेक्षा साडेचार किलो कमी.

तिचा बेडकाही धड निघेना. एचआयव्ही असलेल्या माणसात टीबी असाच लपून बसतो. अंगातली प्रतिकारशक्ती खचलेली असली की फुप्फुसात पोकळी पडत नाही, बेडक्यात जंतू थोडे उतरतात आणि सूक्ष्मदर्शकाखालची काच स्वच्छ दिसते. जुन्या पद्धतीने तपासलं असतं तर ‘काही नाही’ असा कागद घेऊन ती ट्रॅक्टरवर चढली असती. म्हणून अशा पेशंटची तपासणी जंतूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या यंत्रावर करतात, सीबीनॅटवर नाहीतर ट्रूनॅटवर. ट्रूनॅट आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीने बनवलेलं आहे. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली, आणि आता ते कितीतरी छोट्या दवाखान्यांत पोचलंय. जंतू आहे की नाही आणि तो रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देतो की नाही, हे दोन्ही त्याच दिवशी कळतं. संध्याकाळी उत्तर आलं. टीबी होता, पण रिफाम्पिसिनला दाद देणारा.

उचल घेतलेली, मुकादम दारात उभा. ती गेलीच. तिच्यासारखीला ‘सहा महिने घरी थांब’ म्हणणं फार सोपं आहे, पण तसं म्हणून कुणी थांबत नाही. मग टीबीच्या पर्यवेक्षकाने ‘निक्षय’ या टीबी पेशंटच्या ऑनलाइन नोंदवहीवर तिचं नाव कारखान्याच्या तालुक्याकडे पाठवलं. तिकडच्या टीबी हेल्थ व्हिजिटरने पत्ता काढत काढत तिची कोपी, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या तळावरची झोपडी, गाठली. निघण्याआधी तिला दोन गोष्टी मी तीन-तीनदा सांगितल्या होत्या. एक, या औषधाने लघवी लालसर-केशरी होते, ते रक्त नव्हे, घाबरून गोळ्या सोडायच्या नाहीत. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. रिफाम्पिसिन एचआयव्हीच्या डोल्युटेग्रॅव्हिर या औषधाला रक्तात टिकू देत नाही. म्हणून टीबीचा उपचार चालू असेपर्यंत, आणि तो संपल्यावरही आणखी दोन आठवडे, रोजच्या गोळीनंतर बारा तासांनी डोल्युटेग्रॅव्हिरची एक जादा गोळी घ्यावी लागते. तिच्या भाषेत आम्ही वेळ ठरवली: पहाटे फडात जाताना एक, संध्याकाळी कोपीवर परतल्यावर दुसरी. तरी चौथ्या दिवशी फोन आलाच. ‘मॅडम, लघवी लाल झाली, बंद करू का?’

फोन उचलायला कुणी नसतं तर तिने गोळ्या बंद केल्या असत्या. पट्टा पडायच्या, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपायच्या, आधी तिच्या उपचाराचा पहिला टप्पा झाला, गावी परतल्यावर उरलेला झाला, आणि ती बरी झाली. एका बाईच्या सहा महिन्यांसाठी समुपदेशक, लॅब टेक्निशियन, पर्यवेक्षक, हेल्थ व्हिजिटर आणि आशाताई अशी पाच माणसं लागली. त्यांतली चार वर्षाच्या कराराने काम करणारी, आणि आशाताईंना तर करारही नाही, मोबदला मिळतो.

हे दोन आजार वेगळे ठेवून चालत नाही. कितीतरी लोकांच्या शरीरात टीबीचा जंतू आयुष्यभर निपचित पडून राहतो. एचआयव्ही नेमकी तीच शक्ती खाते, जी त्याला निपचित ठेवते. एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या मृत्यूचं सर्वांत मोठं कारण आजही टीबीच आहे. इलाज दोन्हींवर आहे. टीबी नाही अशी खात्री झालेल्यांना तो होऊ नये म्हणून आयसोनियाझिडच्या प्रतिबंधक गोळ्याही देता येतात. पण ही खात्री करायची कशी? पुन्हा तेच चार प्रश्न. ते न विचारता प्रतिबंधक गोळी देता येत नाही आणि उपचारही सुरू होत नाही.

औषधाइतकंच ते देणारं माणूसही लागतं, हे शहाणपण आपल्याकडे फार आधी आलं. १९५६ साली मद्रासमध्ये टीबीवरच्या औषधोपचाराचं एक केंद्र सुरू झालं. त्या काळी टीबी म्हणजे सॅनेटोरियम हे समीकरण होतं. आपल्याकडे मिरजेजवळच्या वानलेसवाडीला, मुंबईत शिवडीला माणसं महिनोन्‌महिने राहत. मद्रासच्या डॉक्टरांनी गरीब वस्त्यांतले पेशंट घेतले. निम्म्यांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, निम्म्यांना दाटीवाटीच्या घरातच औषध दिलं. १९५९ साली निष्कर्ष आला: घरी उपचार घेणारे जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना त्यामुळे जास्त लागण झाली नाही. जगभरची सॅनेटोरियमं त्यानंतर ओस पडत गेली. पण या संशोधनाचा एक भाग आपण विसरतो. त्या घरांमध्ये कुणीतरी जात होतं. अचानक दार ठोठावून गोळ्या मोजायच्या, लघवी तपासून औषध पोटात गेलंय का बघायचं, चुकलं असेल तर समजावायचं. घरचा उपचार यशस्वी झाला तो घरी जाणाऱ्या माणसांमुळे. खाटा आपण कमी केल्या. घरी जाणारं माणूसही कमी करत गेलो, तर मद्रासने सिद्ध केलेल्यातला निम्माच भाग हातात उरतो.

एचआयव्हीच्या बाबतीत महाराष्ट्राने जे मिळवलं ते स्वस्तात मिळालेलं नाही. सांगलीत १९९२ पासून ‘संग्राम’ आणि नंतर वेश्या अन्याय मुक्ती परिषद, म्हणजे ‘वॅम्प’, यांतल्या बायका स्वतः वस्तीत फिरून निरोध वाटत होत्या, आजारी मैत्रिणीला दवाखान्यात घेऊन जात होत्या, डॉक्टर हात लावत नसेल तर तिथेच ठाण मांडत होत्या. २००१ साली मुंबईच्या सिप्लाने तीन औषधांचा वर्षाचा उपचार ३५० डॉलरांत देऊ केला. तोवर त्याला १०,००० डॉलरांहून जास्त पडत होते. १ एप्रिल २००४ पासून सरकारी दवाखान्यांत एआरटी मोफत मिळू लागली. नंतर टीबी आणि एचआयव्ही दोन्ही असलेल्यांना टीबीच्या गोळ्याही एआरटी केंद्रातच मिळायला लागल्या. दोन रांगा, दोन खिडक्या, दोन दिवसांची रजा हे सगळं वाचलं. २०१७ साली कायदा झाला, १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. संमतीशिवाय तपासणी नाही, रिपोर्ट गुप्त, आणि या आजारावरून नोकरी-शाळा-दवाखान्यात भेदभाव करायला बंदी.

फळ दिसतंय. २०१० च्या तुलनेत देशात एचआयव्हीची नवी लागण चाळीस टक्क्यांहून जास्त कमी झाली. टीबीचं प्रमाणही उतरतंय. २०१५ साली लाखामागे २३७ नवे पेशंट होते, २०२३ साली १९५. तरीही देशात सुमारे २५ लाख माणसं एचआयव्हीसह जगत आहेत, आणि संख्येने सर्वाधिक आपल्या महाराष्ट्रात. जगातल्या टीबीच्या पेशंटांपैकी चौथ्या हिश्श्याहून जास्त एकट्या भारतात आहेत.

मला भीती वाटते ती याच उतरत्या आकड्यांची. ‘आता कुठे राहिलाय एड्स?’ हे वाक्य मी एका अधिकाऱ्याच्या तोंडून ऐकलंय, आणि पुढच्याच वाक्यात त्यांनी विचारलं की या खोलीला वेगळं माणूस कशाला. पाऊस बरा झाला म्हणून कुणी बंधाऱ्याची फळी काढत नाही. समुपदेशक सोडून गेली की जागा भरायला महिनोन्‌महिने जातात. शेजारच्या केंद्राचा ‘अतिरिक्त कार्यभार’ दुसरीवर पडतो. ती आठवड्यातून दोन दिवस इकडे, तीन दिवस तिकडे. खोलीपुढे सत्तर माणसं उभी असताना चार प्रश्नांचा एकच होतो: ‘काही त्रास नाही ना?’ आणि माणूस सवयीने मान हलवतो, ‘नाही’.

अशाच एका दवाखान्यात, जागा रिकामी असताना, एका तरुणाचा एचआयव्हीचा रिपोर्ट लॅबच्या खिडकीतून नाव पुकारून हातात दिला गेला. मागे रांगेत त्याचा गाववाला उभा होता. तो मुलगा पुन्हा कुठल्याच दवाखान्यात आला नाही. आम्ही दोन वेळा त्याच्या गावापर्यंत गेलो, घराला कुलूप होतं. खिडकीतल्या त्या माणसाने मुद्दाम काही केलं नव्हतं. त्याच्यावर तीन माणसांचं काम होतं.

बदल सगळेच वाईट नाहीत, हेही सांगते. ज्यांची तब्येत स्थिर आहे त्यांना तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतात. मजुरी बुडत नाही, एसटीचं भाडं वाचतं. हे फार चांगलं झालं. पण वर्षाला बारा वेळा विचारले जाणारे प्रश्न आता चारदाच विचारले जातात, म्हणजे मधल्या महिन्यांत कुणीतरी फोन केला पाहिजे, घरी गेलं पाहिजे. गोळ्यांची सोय केली तशी या माणसाचीही सोय करायला हवी होती. तिथे हात आखडता घेतला गेला.

आणि गोळ्याच नसतील तर? २०२२ च्या उन्हाळ्यानंतर एचआयव्हीच्या औषधांचा तुटवडा झाला, तेव्हा पेशंटनीच दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यालयात महिन्याहून अधिक काळ धरणं धरलं. मार्च २०२४ मध्ये टीबीच्या नेहमीच्या औषधांची टंचाई एवढी झाली, की केंद्राने राज्यांना तीन महिन्यांपुरती औषधं स्थानिक पातळीवर विकत घ्यायला सांगितलं. त्या दिवसांत पेशंटला दहा दिवसांच्या गोळ्या देऊन ‘पुन्हा या’ म्हणणं काय असतं, हे ज्यांनी म्हटलंय त्यांनाच कळेल. टीबीचा उपचार मध्येच तुटला की जंतू औषधाला दाद देईनासा होतो. मग तोच आजार बेडाक्विलिनसारख्या औषधांवर जातो, बऱ्याचदा जास्त महिने, जास्त त्रास. आणि तो बिघडलेला जंतू एसटीत, चाळीत, वर्गात दुसऱ्याच्या श्वासात जातो. मुंबई याची किंमत वर्षानुवर्षं मोजते आहे.

साखळी किती पटकन तुटते ते २०२५ च्या जानेवारीत जगाने पाहिलं. अमेरिकेने परदेशी मदत थांबवली आणि दक्षिण आफ्रिकेसारख्या देशात एचआयव्ही-टीबीचं काम करणाऱ्या हजारो आरोग्यसेवकांची नोकरी काही आठवड्यांत गेली. आपला एचआयव्ही कार्यक्रम मुख्यतः आपल्याच पैशावर चालतो, ही मोठी जमेची बाजू आहे. म्हणजे तो टिकवायचा की नाही, हे आपल्याच हातात आहे.

पोटाबद्दलही बोलायलाच हवं. झारखंडमध्ये डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या गटाने टीबीच्या पेशंटच्या घरी दरमहा धान्य-डाळ दिली, पेशंटला आणि घरातल्या प्रत्येकालाही. २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला, तिथे घरच्यांना टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. लस नाही, नवं औषध नाही, तांदूळ आणि डाळ. आपल्याकडे निक्षय पोषण योजनेत पेशंटला महिन्याला आधी ५०० रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून १००० मिळतात. पैसे थेट खात्यात येतात, पण खातं आधारला जोडलेलं नसतं, नावात एक वेलांटी चुकलेली असते, आणि पेशंट बरा होऊन जातो तरी पहिला हप्ता आलेला नसतो. ती वेलांटी कोण दुरुस्त करतं? तेच, कराराचं माणूस.

म्हणून हात जोडून मागणं आहे.

सरकारने समुपदेशकांच्या, टीबी हेल्थ व्हिजिटरच्या, लॅब टेक्निशियनच्या रिकाम्या जागा भराव्यात, आणि वर्षानुवर्षं काम केलेल्यांच्या डोक्यावरची कराराची टांगती तलवार काढावी. दर मार्चमध्ये ‘नूतनीकरण होईल का’ या काळजीत बसलेलं माणूस दुसऱ्याला धीर कसा देणार? जिल्ह्यात तीन महिन्यांचा औषधसाठा कायम असावा, आणि तो किती आहे हे दवाखान्याच्या फळ्यावर लिहिलेलं असावं, रेशन दुकानात धान्याचा साठा लिहितात तसं.

साखर कारखान्यांनो, गाळप सुरू व्हायच्या आधी तुमच्या अड्ड्यांवर मजुरांची तपासणी होते, पण ती नावापुरती. चार प्रश्न आणि एक काटा, एवढ्याने सुरुवात होते. कोपी पडली की आठवड्याच्या आत तालुक्याच्या टीबी पथकाला बोलवा. तुमच्या शेती खात्याकडे प्रत्येक टोळीची यादी असते, ती त्यांना द्या. मात्र यादी द्या ती माणसांची, आजारांची नको. कुणाला काय आहे, हे मुकादमाला कळता कामा नये.

खासगी डॉक्टरांना मी ओळखते, त्यांच्यातल्या कित्येकांनी आमच्याकडे मध्यरात्री पेशंट पाठवलेत. टीबीचा प्रत्येक पेशंट सरकारला कळवणं २०१२ पासून बंधनकारक आहे. कळवलंत की त्याला फुकट औषध, मशीनवरची तपासणी आणि हजार रुपये हक्काने मिळतात. त्याला एचआयव्हीच्या तपासणीला पाठवायला संकोचू नका. ‘चांगल्या घरचा आहे’ हे कारण मी फार ऐकलं, आणि उशिरा आलेले चांगल्या घरचे पेशंटही फार पाहिले.

तुम्ही स्वतः गोळ्या घेत असाल, तर ताई, दादा, हे चार प्रश्न पाठ करा आणि कुणी विचारलं नाही तरी आपणहून सांगा. ‘घाम येतो’ एवढं म्हणायला लाजू नका. खोलीला कुलूप दिसलं तर परत फिरू नका, अधीक्षकांना लेखी विचारा. रिपोर्ट चारचौघांत दिला तर तक्रार करा, कायदा तुमच्या बाजूने आहे. फोनवर विचारायचं असेल तर एचआयव्हीसाठी १०९७ आणि टीबीसाठी १८००-११-६६६६, दोन्ही मोफत आहेत.

आणि सरपंचांनो. ‘टीबीमुक्त पंचायत’ झाल्याबद्दल पहिल्या वर्षी गांधीजींचा कांस्य रंगाचा पुतळा मिळतो, मग रुपेरी, मग सोनेरी. तो मिळवा, जरूर मिळवा. पण त्यासाठी वर्षाला हजार लोकसंख्येमागे किमान ३० संशयितांची तपासणी व्हावी लागते, ही अट आधी वाचा. पेशंट सापडू नयेत म्हणून डबीच न वाटणारं गाव टीबीमुक्त होत नाही. येत्या ग्रामसभेत विषयपत्रिकेवर हा विषय घ्या आणि आशाताईंना माईक द्या. गावात किती डब्या वाटल्या, किती परत आल्या, तालुक्याच्या समुपदेशन केंद्राची खोली आठवड्यातले किती दिवस उघडी असते, आणि तिथे बसणाऱ्या माणसाची जागा भरलेली आहे का, हे सगळं त्या सभेत विचारलं जाऊ द्या आणि इतिवृत्तात नोंदवलं जाऊ द्या. खोली बंद असेल तर ती उघडण्याचा ठराव त्याच सभेत करून त्याची प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांना आणि जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांना पाठवा. टोळ्या निघायच्या आत.